उरलेल्या तीन कादंबऱ्या सुचवाल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

सदाशिव पेठेतल्या आम्ही पाच मैत्रिणींनी यंदा महिन्याला एक अशा बारा मराठी कादंबऱ्या वाचायचं ठरवलंय. नऊ झाल्या. महिनाअखेरच्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. पोह्यांच्या बशा रिकाम्या होतात, वाद संपत नाहीत.

सगळ्यात रंगलं ‘रणांगण’. १९३९ची कादंबरी, युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट आणि तिच्यावरची हेर्टा. वाचनालयातून आणलेल्या माझ्या प्रतीची शेवटची पानं सुटी झाली होती, ती एकेक करून उचलून वाचताना हात जड झाले. ‘कोसला’वर सरळ दोन तट पडले. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवस हातात घेतलं नाही. एकीला मात्र त्याचं पुण्यातलं कॉलेजच कंटाळवाणं वाटलं! ‘बनगरवाडी’ सगळ्यांनाच आवडली, त्यामुळे चर्चा वीस मिनिटांत आटोपली.

आता अडचण अशी की नऊपैकी बाईने लिहिलेली एकच, कविता महाजनांची ‘ब्र’. हे मला फार खटकतंय. म्हणून उरलेल्या तिन्ही लेखिकांच्याच हव्यात. गौरी देशपांडे आणि सानिया यांचं कुठून सुरू करावं? तिघी नोकरी करतात, तेव्हा फार जाडजूड नको. अप्पा बळवंत चौकात सहज मिळणारी असेल तर उत्तम.

नुसतं नाव नको, तुम्हाला काय भिडलं तेही लिहा. अर्धवट सोडली असेल तर तेसुद्धा सांगा. शनिवारी पुढचं पुस्तक आणायला निघायचंय.