फी निम्म्याहून कमी, पण घरी बसणार कोण?

सी-१०१ : नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना. मुलाची पाचवी सुरू होतेय आणि शाळेने पुन्हा फी वाढवली आहे. यांच्या ऑफिसमधल्या एकांनी दोन्ही मुलांना ऑनलाइन शाळेत घातलंय, त्यांची फी आमच्या फीच्या निम्म्याहून कमी आहे. हे म्हणतात आपणही तेच करू. मी दोन दिवस हिशेब मांडतेय, पण काहीतरी सुटतंय असं वाटतं. कुणाला अनुभव आहे का? शाळांची नावं नकोत, खर्चाचं खरं खरं सांगा.

ए-२०४ : निम्मी फी, बस नाही, गणवेश नाही. यात विचार काय करायचा? लॉकडाउनमध्ये सगळ्यांनी केलंच की.

ए-१०३ (सर) : लॉकडाउनचा दाखला इथे लागू पडत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये जगभरात जवळपास १५० कोटी मुलांच्या शाळा बंद होत्या. आपण तेव्हा केलं ती अडचणीतली सोय होती. त्याच शाळा, तेच शिक्षक, फक्त मध्ये पडदा. ऑनलाइनच म्हणून उभारलेली शाळा निराळी चालते. तिचे तास, वर्गातली पटसंख्या, परीक्षेची पद्धत, सगळं वेगळं असतं. त्या दिवसांवरून खर्चाचा अंदाज बांधू नका आणि शिकण्याचाही नको.

बी-५०२ : सी-१०१ ताई, आमचं एक पूर्ण वर्ष गेलंय यात. मुलगा चौथीत होता. तेव्हाची वही अजून आहे, रात्री बघून सविस्तर लिहिते.

डी-३०२ : तोपर्यंत मी सांगते. आमच्या मुलीच्या आजारपणात दीड वर्ष ऑनलाइन शाळाच होती. उपचारांमुळे महिन्यातले आठ-दहा दिवस बुडायचे. रेकॉर्ड केलेला तास ती दुपारी उशीला टेकून बघायची, थकली की थांबवायची. नेहमीच्या शाळेत फी पूर्ण गेली असती आणि वर्षही गेलं असतं. त्यामुळे ऑनलाइनला सरसकट नावं ठेवू नका एवढंच. खर्चही आम्हाला कमीच आला, कारण सासूबाई घरी होत्या.

ए-२०४ : बघा! घरात कुणी असलं की झालं.

बी-५०२ : आता लिहिते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असणार, म्हणून रक्कम सांगत नाही. आधीच्या वर्षी नेहमीच्या शाळेवर जेवढा खर्च झाला तो १०० धरला. त्यात फी ६८. बस १४. शिकवणी ६. पुस्तकं-वह्या ५. गणवेश आणि बूट ४. सहल, स्नेहसंमेलन, प्रोजेक्टचं सामान ३.

ऑनलाइनच्या वर्षी फी ३१ वर आली. तेवढा एकच आकडा बघून आम्ही निर्णय घेतला होता. बाकीचं हळूहळू आलं. लॅपटॉप तीन वर्षं चालेल असं धरून एका वर्षाचे ७. नेटचा मोठा प्लॅन आणि ते बंद पडलं तर म्हणून दुसरी जोडणी, ३. हेडफोन, त्याच्या उंचीची खुर्ची-टेबल, २. छपाई, शाई आणि पुस्तकं ४, कारण वर्कशीट पीडीएफमध्ये येतात आणि कागद-शाई आपली. प्रयोगाचं सामान आणि परीक्षा शुल्क ३. मग मुलाला मैदान नाही म्हणून संध्याकाळी खेळाचा वर्ग लावला, ८. गणित मागे पडायला लागलं तेव्हा शिकवणी, ९. एकूण ६७.

म्हणजे वाचले ३३. वहीत मी त्याखाली लाल रेघ मारली होती, इतकी खूश होते.

पुढच्या पानावर जे लिहायला हवं होतं ते वर्ष संपल्यावर लिहिलं. शाळेने सुरुवातीलाच कळवलं होतं की लहान वर्गांसाठी शेजारी मोठं माणूस हवं. मला वाटलं, लॉगिन करून देण्यापुरतं असेल. प्रत्यक्षात ९ ते १ मी त्याच्याजवळ होते. बाई म्हणायच्या पान ४२ उघडा, तो पान शोधेपर्यंत त्या पुढे गेलेल्या असायच्या. माइक बंद असताना उत्तर द्यायचा आणि आपलं कुणी ऐकलंच नाही म्हणून रडकुंडीला यायचा. दुपारी गृहपाठाचे फोटो काढून अपलोड करायचे, तासभर त्यात. दुसऱ्या महिन्यात मी ऑफिसात सांगून कामाचे तास निम्मे केले. त्या वर्षी माझा जेवढा पगार कमी आला, तो याच मापात ७५ होतो. ६७ आणि ७५, झाले १४२. आमची स्वस्त शाळा नेहमीच्या शाळेच्या जवळपास दीडपट पडली.

सी-१०१ : ताई, हेच सुटत होतं माझं. मी माझा वेळ कुठे धरलाच नव्हता.

ए-२०४ : पण हे तुमच्या बाबतीत. ज्यांच्याकडे आजी-आजोबा आहेत त्यांना हा ७५ लागूच होत नाही ना?

बी-५०२ : दादा, वहीत लागू होत नाही हे खरं. पण आजीला रोज चार तास खुर्चीत बसवायचं, पासवर्ड आणि लिंक सांभाळायला लावायच्या, नातवाला ओरडायची वेळ तिच्यावर आणायची, हा वेळ फुकट धरू नका. तिला विचारा तरी आधी.

डी-३०२ : हे मला पटलं. सासूबाईंनी कधी तक्रार केली नाही, पण त्या दीड वर्षात त्यांचं बाहेर जाणं, मैत्रिणींकडे बसणं सगळं थांबलं होतं. मी वर ‘खर्च कमी आला’ असं लिहिलं, ते त्यांच्या जिवावर होतं. हे लिहायला हवं होतं.

ए-१०३ (सर) : यात नवीन काही नाही. ऑस्ट्रेलियात अॅलिस स्प्रिंग्ज इथे १९५१ मध्ये रेडिओवरून शाळा सुरू झाली, शेकडो किलोमीटर दूर पशुपालनाच्या वस्त्यांवर राहणाऱ्या मुलांसाठी. पुढे रेडिओ गेला, उपग्रह आला, इंटरनेट आलं. पण मुलाशेजारी बसणारं घरचं माणूस तेव्हाही लागायचं आणि आजही लागतं. त्याला तिथे होम ट्यूटर म्हणतात आणि बहुतेक घरांत ती आईच असते.

आता फी कमी का असते ते बघा. कुठल्याही शाळेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा. इमारत, मैदान, बस हे त्यानंतर. इमारत नाही म्हणून थोडी बचत होते, पण फी निम्म्यावर येते ती बहुधा शिक्षकामागे मुलं वाढवून किंवा लाइव्ह तासांऐवजी रेकॉर्ड केलेले तास देऊन. एकदा रेकॉर्ड केलेला तास ५० मुलांनी पाहिला काय आणि ५ हजारांनी पाहिला काय, खर्च जवळपास तोच. म्हणून फी विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. आठवड्याला लाइव्ह तास किती? एका तासाला मुलं किती? लाइव्ह तास भरपूर आणि मुलं १५-२० असतील, तर फी फारशी कमी असूच शकत नाही.

सी-१०१ : सर, त्यांच्या माहितीपत्रकात १२ अॅप मोफत असं मोठ्या अक्षरात आहे. ते धरायचं का बचतीत?

ए-१०३ (सर) : अजिबात नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात अमेरिकेतला आकडा दिला आहे. तिथे शैक्षणिक सॉफ्टवेअरचे घेतलेले ६७ टक्के परवाने वापरलेच गेले नव्हते. अॅपची संख्या म्हणजे शिकवणं नव्हे. मूल रोज उघडेल असं एखादं असेल तर त्याची किंमत धरा, बाकीची सोडून द्या.

बी-२०१ : दोन मुलं असतील तर हिशेब आणखी बदलतो. आम्ही चौकशी केली होती. शाळेत दुसऱ्या मुलाला फीत सवलत मिळते, बस तीच, धाकट्याला मोठ्याची पुस्तकं चालतात. ऑनलाइनमध्ये दोन लॅपटॉप, दोन खोल्या, दोन हेडफोन. व्हिडिओ तासाला साधारण १ जीबी धरला तर रोज ४ तास आणि २२ दिवसांचे एका मुलाचे महिन्याला ९० जीबीच्या आसपास होतात. दोघांचे दुप्पट. मोबाइलच्या रोजच्या ठरावीक नेटवर हे बहुधा भागत नाही, घरची वेगळी जोडणी बरी. आणि आई-बाबांपैकी कुणी घरून काम करत असेल तर तिसरी मीटिंग त्याच नेटवर.

ए-२०४ : ठीक, दोन मुलांचं मान्य. पण मुलगा हुशार असेल, स्वतः बसणारा असेल तर?

बी-५०२ : तर नक्की जमेल. आठवी-नववीची, आपलं आपण वेळापत्रक पाळणारी मुलं आहेत. खेळात वरच्या पातळीवर सराव करणारी, वडिलांच्या बदल्यांमुळे दर दोन वर्षांनी शाळा बदलणारी, यांना ऑनलाइन खरोखर स्वस्त पडतं, शेजारी बसायला कुणी लागत नाही. दहा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा ठेवणं मला जड वाटतं. माझाही हुशार होता.

ए-१०३ (सर) : शिकण्यातलं नुकसानही खर्चातच धरा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पूर्ण वेळ ऑनलाइन चार्टर शाळांतल्या (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) मुलांची तुलना नेहमीच्या शाळेतल्या तशाच मुलांशी केली. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं. वाचनात ही मुलं ७२ दिवसांनी मागे आणि गणितात १८० दिवसांनी, म्हणजे गणिताचं अख्खं वर्ष. त्या तिथल्या मोफत शाळा होत्या, सगळ्याच ऑनलाइन शाळा तशा असतील असं मी म्हणणार नाही. पण बी-५०२ ताईंच्या वहीतला गणिताच्या शिकवणीचा ९ चा आकडा मला त्यामुळेच ओळखीचा वाटला.

बी-५०२ : सर, गणिताचं भरून आलं. मला दुसरंच आठवतं. तास संपला की तो लॅपटॉपचं झाकण मिटायचा आणि तिथेच बसून राहायचा, हात झाकणावर. पुढच्या तासाला १० मिनिटं असायची. शाळेत तीच १० मिनिटं मुलं एकमेकांच्या अंगावर पडतात, डबे उघडतात, भांडतात. पाचवीला परत शाळेत घातल्यावर पहिल्याच आठवड्यात तो धापा टाकत घरी आला, सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा बघितला म्हणाला. ‘आई, विटा रचल्यासारखा दिसतो!’ तेच चित्र आदल्या वर्षी पडद्यावर त्याने दोनदा पाहिलं होतं.

बी-२०१ : ताई, परत घालताना प्रवेश शुल्क पुन्हा भरावं लागलं का?

बी-५०२ : हो, तो आणखी एक घाव. जुन्या शाळेतली जागा गेली होती. दुसऱ्या शाळेत प्रवेश शुल्क आणि अनामत नव्याने भरली. शिवाय ऑनलाइन शाळेचा दाखला कुठल्या मंडळाचा, तो ग्राह्य धरायचा की नाही, यात तीन आठवडे फेऱ्या. म्हणून सी-१०१ ताई, मान्यतेचं पत्र आत्ताच लेखी मागून घे. परतीचा खर्चही आत्ताच मांड.

सी-१०१ : सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना पूर्ण चर्चा वाचायला दिली. आता आम्ही दोघं आपापली कामाची वेळापत्रकं शेजारी ठेवून बसलोय. ९ ते १ मध्ये दोघांपैकी एकही जण रोज मोकळा नाही. उद्या त्या शाळेला फोन करून लाइव्ह तास, मुलांची संख्या आणि मान्यतेचं पत्र विचारते. आताच्या शाळेत फी हप्त्याने भरता येईल का तेही विचारायचं आहे, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

बी-२०१ : हप्त्यांचं नक्की विचार. आम्हाला चार हप्ते करून मिळाले, फक्त लेखी अर्ज लागला. नमुना पाठवते.

बी-५०२ : आणि संध्याकाळी ये वर, मुलालाही आण. वही काढून ठेवली आहे.