मदत हवी आहे: प्रोबेशन संपायला आठवडा उरला आणि भावाकडून राजीनामा मागतायत

भांडुपची_थोरली | २८ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर नुसती वाचायला असते. आज गरजेपोटी लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २४, आयटीआय फिटर. ४ डिसेंबर २०२३ ला अंधेरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. कंपनीचं नाव लिहीत नाही. साधारण १८० कामगार आहेत आणि युनियन आहे. घरात पेढे वाटले होते, कारण आईच्या मते "युनियनवाली कंपनी" म्हणजे अर्धी सरकारी नोकरीच.

पत्रात ६ महिने प्रोबेशन लिहिलंय, "गरज पडल्यास वाढवता येईल" या ओळीसकट. जूनमध्ये ३ महिने वाढवलं. कारण विचारलं तर "सगळ्यांचंच वाढवतो." कामाबद्दल एकही मेमो नाही. उलट गेल्या महिन्यात कॉम्प्रेसर बंद पडला तेव्हा सेकंड शिफ्ट संपल्यावरही पहाटेपर्यंत हाच थांबला होता.

आता ३ सप्टेंबरला मुदत संपतेय. परवा एचआरने बोलावून सांगितलं की शनिवारपर्यंत राजीनामा लिहून दे, तीन दिवस घरी बस, मग काँट्रॅक्टरकडून परत घेतो, "पगार तेवढाच राहील." त्याच्यासोबत लागलेल्या दोन पोरांनी लिहूनही दिला. गणपती ७ तारखेला आहेत, घरात दीड दिवसाचा असतो. बाबा म्हणतात सणाच्या तोंडावर वाकड्यात शिरू नको, सही कर.

तो युनियनच्या कमिटी मेंबरकडे गेला तर ते म्हणाले, "पर्मनंट झाल्यावर ये, मग सभासदत्वाची पावती फाडू." म्हणजे पर्मनंट होण्यासाठी मदत हवी, आणि मदत मिळायला आधी पर्मनंट व्हायला हवं!

सही करावी का? २४० दिवस भरले की आपोआप पर्मनंट होतो असं कोणी म्हणतं, ते खरं आहे का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

---

दुपारपाळी

ताई, सही करू देऊ नका. बाकीचं नंतर बोलू.

मला २०११ मध्ये असाच "ब्रेक" दिला होता, ठाण्याला. तीन दिवसांचे अकरा दिवस झाले. परत घेतलं ते काँट्रॅक्टरच्या मस्टरवर, पीएफचं खातं नवं, कार्ड नवं, कँटीनचं कूपनसुद्धा वेगळ्या रंगाचं. वकिलाकडे गेलो तर त्याचा पहिला प्रश्न, "राजीनामा तुमच्या हस्ताक्षरात आहे का?" होता. तिथेच विषय संपला.

---

कागदपत्रे_जपा

(३० वर्षं कामगार कायद्यात काढलीत, आता निवृत्त. हा वकिली सल्ला धरू नका, पण दिशा धरा.)

आधी एक तपासा. पत्रात शब्द नेमका कोणता आहे? प्रोबेशनर, ट्रेनी, अप्रेंटिस की ठरावीक मुदतीची नेमणूक? अप्रेंटिस कायद्याखालचा अप्रेंटिस कायद्याने कामगारच नसतो, त्याचं गणित वेगळं. प्रोबेशनर म्हणजे कायमच्या रिकाम्या जागेवर तात्पुरता घेतलेला माणूस. शब्द हाच असेल तर पुढचं वाचा.

कारखान्याला १९४६ चा स्टॅन्डिंग ऑर्डर्स कायदा लागतो. स्टॅन्डिंग ऑर्डर म्हणजे नोकरीच्या अटींचे लेखी नियम, आणि मॉडेल म्हणजे सरकारने ठरवून दिलेला त्यांचा नमुना. महाराष्ट्रात ५० कामगार असले तरी लागतो, तुमच्याकडे १८० आहेत. आपल्या राज्याच्या मॉडेल स्टॅन्डिंग ऑर्डरमध्ये प्रोबेशन ३ महिन्यांचं आहे, ६ चं नाही. सलग ३ महिने भरले की ७ दिवसांत लेखी कायम करायचं, किंवा काम समाधानकारक नसेल तर काढायचं. "बघू, वाढवू" असा तिसरा रस्ता त्यात नाही. कंपनीने स्वतःच्या स्टॅन्डिंग ऑर्डर सर्टिफाय म्हणजे सरकारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घेतल्या असतील तर त्या लागू, म्हणून त्या आधी मिळवा. गेटजवळ फलकावर, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावणं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी त्यावर रक्तदान शिबिराचं पोस्टर चिकटवलेलं असतं.

पत्रात ६ महिने लिहून त्याने सही केली, मग? तर १९७३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा. आपल्या अंबरनाथची काडेपेटीवाली विमको तीच, पण केस उत्तर प्रदेशातली. स्टॅन्डिंग ऑर्डरमध्ये प्रोबेशन २ महिने, वॉचमनच्या पत्रात ६ महिने, वर आणखी २ वाढवले आणि काढून टाकला. कोर्टाने सांगितलं, स्टॅन्डिंग ऑर्डरशी विसंगत करार चालणार नाही, तो २ महिन्यांनंतर कायमच झाला होता.

२४० दिवसांबद्दल सगळीकडे घोळ आहे. औद्योगिक विवाद कायद्यातले २४० दिवस हे कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागते त्यासाठी आहेत, त्याने कुणी आपोआप पर्मनंट होत नाही. राज्याच्या मॉडेल स्टॅन्डिंग ऑर्डरमध्येही २४० आहेत, पण ते बदली (गैरहजर कामगाराच्या जागी लागणाऱ्या) आणि टेम्पररी कामगारांसाठी. तुमच्या भावाने एचआरसमोर २४० चा उच्चार केला तर तो स्वतःहून टेम्पररीच्या रांगेत जाऊन उभा राहतो. त्याचा आकडा ३ महिने आहे, आणि तो ३ मार्चलाच भरला.

---

भांडुपची_थोरली

पत्रात "प्रोबेशनर" आहे, आत्ता बघितलं. फलकाचं अगदी तसंच निघालं. भाऊ म्हणतो तिथे क्रिकेट स्पर्धेचा बॅनर आहे 😅

पण युनियनचं काय? त्यांनी हात वर केल्यावर एकटा पोरगा काय बोलणार?

---

लालबागचा_नातू

पोरी, आमचे आजोबा मिलमध्ये बदली होते. रोज सकाळी बदली कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, कुणी दांडी मारली तर आत, नाहीतर डबा तसाच घरी. आजी डबा परत आलेला दिसला की काही विचारायची नाही, त्याच भाजीत पाणी घालून रात्रीची आमटी करायची. आजोबांचं कार्ड पर्मनंट होईपर्यंत १८ जानेवारी १९८२ चा संप आला, आणि मग मिलच राहिली नाही. तेव्हा "तेवढाच पगार देतो, नाव फक्त दुसरीकडे" असं कुणी म्हणालं की मला आधी तो डबा दिसतो.

---

कमिटीत_होतो

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, शिव्या खायची तयारी ठेवून. दहा वर्षं कमिटीत होतो, करारावर माझीही सही आहे.

"पर्मनंट झाल्यावर ये" असं कमिटी मेंबर म्हणतो त्याची कारणं दोन. एक, घाबरतो. दुसरं बोलायला वाईट आहे: दर करारात मॅनेजमेंट म्हणते जुन्यांना वाढ देतो, पण नव्या भरतीची ग्रेड वेगळी आणि प्रोबेशन लांब. आम्ही मान्य करायचो. आत असलेल्यांना मत असतं, बाहेरच्यांना नसतं. त्या पोराच्या कंपनीतही करारात असं काही आहे का ते वाचा. असलं तर युनियन स्वतःच अडकलेली असेल.

पण ट्रेड युनियन कायद्यात प्रोबेशनरला मेंबर होता येत नाही असं कुठेही नाही. युनियनच्या स्वतःच्या घटनेत काय आहे ते मागा. नसेल तर वर्गणीची पावती मागून घ्या. युनियन मान्यताप्राप्त असेल तर तिने ३० टक्के सभासद दाखवूनच मान्यता घेतलीय, आणि करार करते तो सगळ्यांच्या नावाने. कमिटी मेंबरशी भांडू नका, थेट जनरल सेक्रेटरीकडे जा, तेही लेखी घेऊन. तोंडी बोललेलं गेट मीटिंग संपेपर्यंतही टिकत नाही.

युनियनमध्ये गेलास तर काढतो अशी धमकी दिली, तर ती १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात, पीयूएलपी म्हणतो आम्ही, बंदी असलेली अनुचित कामगार प्रथा आहे. तक्रारीची मुदत ९० दिवस. तारीख लिहून ठेवा.

---

कागदपत्रे_जपा

वरच्यांशी सहमत, एक भर. उद्याच साधं पत्र द्या: "मी ४ डिसेंबर २०२३ पासून सलग काम करतो, स्टॅन्डिंग ऑर्डरप्रमाणे माझा प्रोबेशन कालावधी पूर्ण झाला आहे, कायम केल्याचे पत्र द्यावे. माझ्याकडे राजीनामा मागण्यात आला, मी तो दिलेला नाही व देणार नाही." एवढंच. रागाचा एक शब्द नको. पोच देत नसतील तर ईमेल आणि पोस्टाने पाठवा. ४ सप्टेंबरला सकाळी नेहमीसारखं कार्ड पंच करायला जायचं. गेटवर अडवलं तर तिथेच, त्याच दिवशी, अडवल्याचं लेखी कळवायचं आणि बीकेसीच्या कामगार भवनात जायचं. घरी बसला तर "स्वतःच यायचा बंद झाला" म्हणतील.

---

भांडुपची_थोरली | ५ सप्टेंबर २०२४

सही केली नाही. एचआरने पत्राला पोच दिली नाही, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही केलं. जनरल सेक्रेटरी भेटले, पावती फाडली, पण म्हणाले "करारात ६ महिने आम्हीच लिहिलेत, बघतो." काल पहिल्या पाळीला गेला. बाबा सकाळी साडेपाचला खिडकीत उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. कार्ड चाललं.

त्या दोन पोरांचं मात्र अवघड दिसतंय. त्यांना अजून काँट्रॅक्टरचा फोन नाही.

---

दुपारपाळी | डिसेंबर २०२५

धागा वर काढतोय, कारण कुणी आता वाचून जुने आकडे घेऊन जाईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले कायदे) लागू झालेत. स्टॅन्डिंग ऑर्डरची अट आता ३०० कामगारांची आहे. नेमणूकपत्र मात्र सगळ्यांना सक्तीचं झालंय. नव्याने लागणाऱ्यांनी वरचं जसंच्या तसं लावू नये, आधी विचारून घ्या. ताई, भावाचं काय झालं?

---

भांडुपची_थोरली

नोव्हेंबर २०२४ मध्ये पत्र मिळालं. पण कायम केल्याची तारीख त्यांनी १ नोव्हेंबर घातलीय, ४ मार्च नाही. आठ महिन्यांची सीनियॉरिटी आणि ग्रेडचा फरक गेला. युनियन म्हणते पुढच्या करारात बघू. भाऊ म्हणतो लेखी द्या.