रोहयोची मजुरी ऑनलाइन 'जमा', पासबुकात मात्र काहीच नाही. मदत हवी आहे

मी पुण्यात असतो, गाव बीड जिल्ह्यात. मे 2025 मध्ये वहिनी आणि वस्तीतल्या अकरा बायका रोजगार हमीच्या कामावर होत्या. माळावर सलग समतल चर खोदायचे. दोन मस्टर (हजेरीपट), बारा दिवस. दर 312 रुपये, म्हणजे मोजमाप पूर्ण भरलं तर 3744. दहा जणींचे पैसे पडले, वहिनी आणि तिची जाऊ राहिल्या. रोजगारसेवक, म्हणजे गावात रोहयोची हजेरी-नोंद बघणारा, मोबाइलवर दाखवतो, "हे बघा, जमा झालेत." बँकेत तीनदा पासबुक भरून आणलं, एंट्रीच नाही. प्रत्येक खेपेला जीपचे जायचे-यायचे ऐंशी रुपये आणि दिवसाचा खाडा.

रेशनचा गहू-तांदूळ येतो, तेवढी काळजी नाही. पण तेल, डाळ, मिरची उधारीवर चाललंय, आणि दुकानदार आता वही पुढं करतो. आजी 72च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची. ती म्हणते, पगार लांबला तरी कामावर सुकडी (खायला पौष्टिक भुकटी) मिळायची.

पैसे गेले कुठं, ते कसं शोधायचं? दुसरं म्हणजे, जूनमध्ये दोघींनी तोंडी काम मागितलं, अजून मिळालेलं नाही. बेकारभत्ता मागता येईल का?

प्रतिसाद:
दोघींनी मधे नवीन सिम घेतलं होतं का? आमच्याकडे सिम देतानाच अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं, बाईला पत्ताच नाही. रोहयोचे पैसे आता आधारवरून जातात, आणि आधारला जी बँक शेवटी जोडली तिथंच पडतात. मायआधारच्या साइटवर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव दिसेल. तिथं असतील तर अंगठा लावून काढता येतात. मग जुन्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्या, नाहीतर पुढचं मस्टरही तिकडंच जाईल.

भत्त्याचं म्हणाल तर तोंडी मागणी कुणी धरत नाही. नमुना 4, म्हणजे काम मागायचा अर्ज, भरून द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. 15 दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता, आणि ते दिवस त्या तारखेपासून मोजतात, म्हणजे जून गेला असंच धरा.

धागाकर्ता:
सिम! दिवाळीत दोघींनी एकाच दुकानातून घेतलं होतं. उद्याच बघायला सांगतो.