झऱ्याच्या नदीत कयाक: बघायला थांबलं की आडवीच होते, काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. पोस्ट जरा लांबलीये, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात मी आणि बायको झऱ्यातून निघणाऱ्या एका नदीवर कयाकिंग करून आलो, दोघांच्या दोन वेगळ्या, भाड्याच्या. पाणी इतकं नितळ की तळाचं गवत विंचरल्यासारखं एका दिशेला झुकलेलं दिसत होतं आणि आपल्याच बोटीची सावली खालून आपल्याबरोबर चालली होती. एक कासव तर बोटीखालून असं गेलं की त्याच्या पाठीवरचं शेवाळ दिसलं. पण एवढं सगळं बघायला गेलो आणि निम्मा वेळ बोट सरळ करण्यातच गेला. वल्हवत असलो की ठीक, म्हणजे नागमोडी पण ठीक, जरा वल्हं मांडीवर ठेवून खाली बघायला लागलो की नाक हळूच वळायला लागतं, चार-पाच सेकंदात बोट आडवी, मग दणादण वल्हं मारून सरळ करा, तोवर मासे पसार. बायकोची सुतासारखी सरळ जात होती, वर मला सल्ले!

दुसरा प्रकार जास्त लाजिरवाणा. एका जागी तळ अगदी जवळ दिसत होता, म्हटलं कमरेएवढं असेल, उतरून पाय मोकळे करू. उतरलो तर पाणी गळ्याशी. लाईफ जॅकेट होतं म्हणून हसण्यावारी गेलं. आणि गार किती! बाहेर ऊन रणरणतंय आणि आत श्वासच अडकला. परत चढताना बोट दोनदा उलटवली ते वेगळंच.

माझी १० फुटी, वर बसायची (पाय आत घालायची नव्हे), तिची १२ फुटी. सामानाची पिशवी माझ्याच बोटीत होती. आता यात चूक माझी, बोटीची की वल्ह्याची? आम्हाला स्पर्धा नाही करायची हो, निवांत दिवस काढायचाय फक्त.

काठावरचा:
थोडी तुमची, थोडी बोटीची. आखूड बोट पटकन वळते, पण म्हणूनच सरळ रेषेत टिकत नाही, १२ फुटी जास्त टिकते. तुम्ही वल्हं थांबवता तेव्हा शेवटच्या फटक्याने नाक जरासं वळलेलं असतं, बोटीला वेग असतो, आणि तेवढंच वळण वाढत जातं. म्हणून एकदम थांबू नका. शेवटचे दोन-तीन फटके हलके मारा आणि वल्ह्याचं पातं पाठीमागे, बोटीला चिकटून, पाण्यात उभं धरा, सुकाणूसारखं. नाक उजवीकडे हवं असेल तर पातं उजव्या बाजूला.

पिशवी कुठे ठेवली होती? पायापाशी पुढे असेल तर नाक जड होतं, शेपूट हलकी होते आणि तीच फिरते. मागे बांधा, पण फार मागे नको.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. तुम्ही नुसते पाण्याच्या वेगाने वाहत असाल तर आडवी झाली म्हणून बिघडलं काय? होऊ द्या की! उलट आडव्या बोटीतून एका बाजूचा अख्खा तळ दिसतो. सरळ करायची घाई फक्त तेव्हा, जेव्हा पुढे पाण्यात पडलेलं झाड असेल. फांद्यांमधून पाणी निघून जातं, आपण अडकतो, तिथे लांबूनच वळायचं. आणि चुकून बोट ओंडक्याला आडवी टेकलीच तर अंग ओंडक्याच्या बाजूला झुकवा. घाबरून उलट्या बाजूला झुकलात की प्रवाहाच्या वरच्या अंगाने येणारं पाणी बोटीत शिरतं आणि ती पालथी होते.

जमलं तर आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा, अंगात दम असतो तेव्हा. वळणाच्या आतल्या बाजूने गेलात तर तिथे ओढ कमी लागते. येताना वाहत या.

मासोळी:
खोलीचं तुमच्या एकट्याचं नाही, सगळ्यांचंच होतं 😄 पाण्यातून येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे सरळ वरून बघितलं तरी खोली तीन चतुर्थांशच वाटते, ४ फुटांची ३ दिसते, तिरकं बघितलं तर अजून कमी. गढूळ पाण्यात आपण आपोआप जपून असतो, नितळ पाणीच फसवतं. उतरण्याआधी वल्हं उभं बुडवून बघा. कयाकचं वल्हं साधारण २२०-२३० सेंटीमीटर असतं, म्हणजे मधोमध भिजलं तर कमरेच्या वर पाणी आहे असं धरा. आणि गवतावर पाय नको, वाळू बघून उतरा, मुळासकट उपटलं जातं ते.

गारव्याचं म्हणाल तर झऱ्याचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं, त्याला ऊन-थंडी ठाऊकच नसते. फ्लोरिडाचे झरे बाराही महिने २२ अंशांच्या आसपास असतात. तिथे हिवाळ्यात मॅनेटी (पाण्यातच राहणारे मोठे सस्तन प्राणी) ऊब म्हणून झऱ्यात येतात कारण २० अंशांच्या खालचं पाणी त्यांना फार काळ सोसत नाही, आणि आपण उन्हात तापून त्याच पाण्यात उडी मारली की बोंबलतो. आधी हात, मान, तोंड ओलं करा, मग उतरा.

चढताना बाजूने, आधी पाय मागे मारत अंग पाण्यावर आडवं आणा, मग पोट बोटीवर सरकवा, पालथे पडूनच राहा, वळून बूड जागेवर, पाय सगळ्यात शेवटी. तुम्ही बहुतेक गुडघा आधी टाकला असणार.

धागाकर्ता:
गुडघाच टाकला होता, दोन्ही वेळा. आणि पिशवी पुढेच होती, पायात, फोटोत दिसतेय. पोलराइज्ड गॉगलने तळ खरंच जास्त स्पष्ट दिसतो का? या रविवारी परत जातोय. बायकोला म्हटलं या वेळी १२ फुटी मला दे, तर म्हणते आधी पिशवी मागे बांधून बघ.

काठावरचा:
दिसतो, पाण्यावरची चकाकी जाते. फक्त दोरी लावा गॉगलला. आणि बाईंचं बरोबर आहे.