लहानपणी फॅलोचं ऑपरेशन झालंय, आता जिना चढताना धाप लागते

निळीशाई:
वय ३१. मी चार वर्षांची असताना टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयविकाराचं ऑपरेशन झालं. हृदयातलं भोक बुजवलं, फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोठी केली. घरात सगळे 'आता पोर बरी झाली' म्हणत आले आणि मी तशीच वाढले. कॉलेजात गेल्यावर लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जाणं थांबलं. पुढे कुणाकडे जायचं हे कुणी सांगितलंच नाही.

गेले काही महिने तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागते. मधल्या वळणावर कठडा धरून थांबते, कुणी आलं तर फोन बघत असल्याचं दाखवते. रात्रीचं वेगळंच. अंथरुणावर पडलं की श्वास पुरेसा आत जात नाहीये असं वाटतं, मोठे मोठे श्वास घेत राहते, मग बोटांना मुंग्या येतात. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. जवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि 'टेन्शन घेऊ नका' म्हणाले. हे मनाचं आहे की हृदयाचं? आईला अजून बोलले नाही, तिने माझ्यापायी खूप सोसलंय.

उजवाकप्पा:
मीही फॅलोवालाच, वय ३९. ऑपरेशनने आपण जगलो, पण अरुंद वाट मोठी करताना बऱ्याच जणांची त्या वाटेवरची पल्मोनरी झडप नीट मिटेनाशी होते. रक्त थोडं थोडं उलटं येत राहतं आणि हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षं ताणत जातो. त्रास फार उशिरा जाणवतो. मलाही आधी जिन्यावरच कळलं. ऑक्सिजन तेव्हा उत्तम होता, कारण भोक बंद असलं की गळती कितीही असो, तो आकडा सहसा चांगलाच येतो. त्यामुळे ९८ वर विसंबू नका.

मला नवी झडप बसवली, तीही मांडीच्या शिरेतून, छाती पुन्हा न उघडता. ही पद्धत २००० सालापासून आहे. सगळ्यांना ती चालतेच असं नाही, आणि तुम्हाला झडप लागेलच असंही नाही.

इकोरूम:
मी हृदयाच्या तपासण्या करते. तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या वाटतात. रात्रीच्या मुंग्या बहुधा भराभर श्वास घेतल्याने येत असाव्यात, कारण तसं केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. अशा वेळी श्वास सावकाश सोडण्याकडे लक्ष द्या. पण उशी उंच केल्याशिवाय झोपच येत नसेल, तर ते मनावर ढकलू नका. जिन्यावरच्या धापेचा तर शोध घ्यायलाच हवा. ईसीजीवरून कप्पा किती ताणलाय ते कळत नाही. त्यासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि बहुतेक वेळा हृदयाचा एमआरआय लागतो. ठोक्यांसाठी २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र), दम मोजायला व्यायाम चाचणी. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या, धाप त्यानेही लागते.

जन्मजात हृदयविकार असलेल्या मोठ्या माणसांना बघणारे तज्ज्ञ असतात, त्यांनाच गाठा. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर त्याआधीच. आणि चक्कर येऊन पडलात, छातीत एकदम जोरात धडधड सुरू होऊन थांबेना, किंवा बसल्या जागी दम लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तातडीच्या विभागात जा.

उजवाकप्पा:
ऑपरेशनची जुनी फाइल शोधा. वाट मोठी करताना झडपेच्या कड्यावरून पॅच (ठिगळ) लावला होता का, हे डॉक्टर सर्वांत आधी विचारतील.

निळीशाई:
फाइल आईच्या कपाटात आहे. म्हणजे तिला सांगावंच लागणार. रविवारी सांगते. तोवर चालणं बंद करू का?

इकोरूम:
चक्कर किंवा धडधड नसेल तर सपाटीवर आरामात चाला, बोलता येईल इतपत वेगाने. जड उचलू नका. जिन्यात दम लागला की बसा, कुणी बघत असलं तरी. आणि आईला तपासणीला सोबत न्या. लहानपणीचं तुम्हाला आठवत नसेल ते त्यांना तोंडपाठ असेल.