उत्तर: गवंड्यांचा अंदाज
वर एकानं लिहिलंय की खेड्यातले जुने गवंडी अंदाजपंचे घरं बांधायचे. आमचे मामा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले गवंडी. त्यांच्याकडं बघता हे पटत नाही.

पाया आखताना कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट भरलं की काटकोन झाला. पायथागोरस कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून कडक होतो. म्हणून ताजा चिरा ते लगेच भिंतीत बसवू देत नसत. तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडं तर पाऊस धो-धो. छपराचा उतार कमी ठेवला की कौलांखाली पाणी शिरणारच. एका मालकानं उतार कमी करा म्हटलं (लाकूड वाचतं ना!), तर मामा काम सोडून निघाले होते.

पावसाळ्यात भातलावणी, दिवाळीनंतर चोर्ला घाटानं गोव्याला. तिथं मजुरी बरी मिळायची, पण धाकटी मुलगी झाल्यावर मामी एकटी पडते म्हणून गोवा बंद केला. स्वतःच्या घराची मागची भिंत मात्र वर्षानुवर्षं गिलाव्याविना. मामी टोमणे मारायची. मामांचं उत्तर ठरलेलं, "आधी पोरींची फी. भिंत कुठं पळून जातीया?"

थोरली आता नर्स आहे. गिलावा तिनंच करवून घेतला, दुसऱ्या गवंड्याकडून. मामा दिवसभर त्याच्या मागं उभं राहून चुका काढत होते.