नाताळच्या भेटवस्तू कारागृहातील बंदी स्त्रियांच्याच हातून करवून घ्यायच्या आहेत : मार्गदर्शन हवे

वसईकर शिक्षिका

आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या पॅरिशमधील) आम्ही सात-आठ जण गेल्या वर्षापासून दर पंधरवड्याला मुंबईतील एका कारागृहाच्या महिला विभागात जातो. गेल्या नाताळात आम्ही विकतची खेळणी आणून, त्यांवर आयांची नावे घालून ती मुलांच्या घरी पोहोचवली होती. जानेवारीत एका बाईंनी मला विचारले, "बाई, हे मी नाही, तुम्ही दिलंत, हे पोराला कळलं असेल ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून यंदा आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, या स्त्रियांनी स्वतः काही करावे आणि आम्ही फक्त सामान व हात पुरवावेत, असा विचार आहे. आत काय नेता येते, आणि हा उपक्रम ख्रिस्ती स्त्रियांपुरताच ठेवावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त तुरुंगाधिकारी

सर्वप्रथम अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा आणि त्यासोबत स्वयंसेवकांची नावे, ओळखपत्रांच्या प्रती व सामानाची नगवार यादी जोडावी. कारागृहाच्या नियमांविरुद्ध कोणतीही वस्तू आत नेणे किंवा बाहेर आणणे हा गुन्हा आहे. त्यामुळे यादीत नसलेली रिबिनीची एक गुंडीसुद्धा प्रेमापोटी पिशवीत टाकू नये. कात्री, सुई, तार आणि उग्र वासाचा गोंद यांचा विचार सोडून द्या. पुठ्ठा व कापड घरीच कापून न्या आणि चिकटवायला कणकेची खळ वापरा.

आणखी एक गोष्ट नव्या मंडळींच्या लक्षात येत नाही. तुमच्यासमोरच्या बहुतेक स्त्रिया न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, असतील. कोणाची त्या दिवशी कोर्टाची तारीख असते, कोणाला मध्येच जामीन होतो, कोणाची रवानगी दुसरीकडे होते. चार बैठकांत पुरी होणारी बाहुली त्यामुळे अर्धवटच राहते. जे करायचे ते एका बैठकीत पूर्ण होऊन त्याच दिवशी यादीत नोंदले जाईल असे निवडा आणि नोव्हेंबरातच सुरुवात करा.

माझगावकर

हेतू चांगला आहे, परंतु वस्तूसोबत प्रार्थनेची पुस्तिका जाणार असेल तर माझा विरोध आहे. आत असलेल्या बाईला नकार देण्याची मोकळीक कितपत असते, याचा विचार व्हावा. शिवाय तिच्या घरी दिवाळी किंवा ईद असेल, तर तिने नाताळचीच भेट का करावी?

समाजकार्य अभ्यासक

माझगावकरांचा मुद्दा मला पटतो. मात्र ख्रिस्ती मंडळींनी हे काम करूच नये, असा त्याचा अर्थ मी घेत नाही. अमेरिकेतील मेरी के बिअर्ड या स्वतः शिक्षा भोगत असताना त्यांनी पाहिले होते की, धर्मादाय संस्थांनी नाताळात वाटलेले साबण आणि टूथपेस्ट बंदी स्त्रिया स्वतः न वापरता साठवून, बांधून मुलांना भेट म्हणून देत असत. पुढे १९८२ साली त्यांनी अलाबामात बंदींच्या मुलांसाठी 'एंजल ट्री' हा उपक्रम सुरू केला. त्या स्त्रियांनी कोणी शिकवण्याची वाट पाहिली नव्हती. म्हणूनच भेट कोणत्या सणाची, हेही त्या-त्या आईनेच ठरवावे.

खरी अडचण पोहोचवण्यात येते. अनेक मुलांना "आई गावाला गेली आहे" असे सांगितलेले असते. त्यामुळे आधी आईची संमती घ्या, मग मूल ज्यांच्याकडे आहे त्या आजीशी किंवा मावशीशी बोला, आणि वेष्टनावर चर्चचे वा कारागृहाचे नाव अजिबात घालू नका. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत बंदींसोबत काम करतो. तेथील कार्यकर्त्यांचा सल्ला जरूर घ्यावा.

सहा वर्षांपर्यंतची मुले आईजवळ आत राहू शकतात, पण त्याच आईची थोरली मुले बाहेर असतात, हे यादी करताना विसरू नये. वस्तूचे म्हणाल तर पुठ्ठ्यावर मेणखडूने आईच्या पंजाची बाह्यरेषा काढून ती तिने रंगवावी; ते अर्ध्या तासात होते आणि मुलाला त्यावर आपला हात ठेवून पाहता येतो. लिहिता न येणाऱ्या बाईचा मजकूर तुम्ही लिहून द्याल, तेव्हा तिचे शब्द सुधारू नका. (शिक्षकांना हे जड जाते, हे मी अनुभवाने सांगते.)

वसईकर शिक्षिका

सर्वांचे आभार. पुस्तिका यादीतून काढली आहे. ती होती, हे कबूल करते. पंजाची कल्पना आम्ही घेत आहोत आणि पहिली बैठक दिवाळीच्या आधी ठेवण्यासाठी अर्ज करणार आहोत. एक शंका राहते : खळ लवकर आंबते, तेव्हा बुकबाइंडर घालतात तसा त्यात थोडा मोरचूद घातला तर चालेल का?

निवृत्त तुरुंगाधिकारी

मुळीच नाही. मोरचूद विषारी आहे आणि आत लहान मुलेही असतात. त्याच सकाळी ताजी खळ शिजवून प्लास्टिकच्या डब्यात न्या, डबे यादीत लिहा आणि निघताना ते मोजून परत आणा.